यादीतली नावं आणि आडवी बाटली

आमच्या गावातलं देशी दारूचं सरकारमान्य दुकान आम्ही बायकांनी मतदान करून बंद केलं. त्याला आता बरेच दिवस झाले, पण आजूबाजूच्या गावांतून अजून फोन येतात. “ताई, मोर्चा कसा काढला? किती बायका जमवल्या?” मोर्चा आम्हीही काढला होता. पण दुकान मोर्चाने गेलं नाही, मतदार यादीने गेलं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

वाईन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने आपल्या राज्यात सत्तरच्या दशकापासून थांबलेले आहेत. त्यामुळे आहेत तेच परवाने एकाकडून दुसऱ्याकडे जातात, या गावातून त्या गावात हलवले जातात. आमच्याकडचा परवानाही असाच स्थलांतर होऊन आला. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रिकामा गाळा होता, त्याला एका सकाळी पाटी लागली. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: “नवीन काही नाही, जुनंच लायसन आहे.”

मी आमच्या बचत गटाची सचिव. दुकानाचा परिणाम मला आधी गटाच्या वहीत दिसला. ज्या बायका महिन्याच्या महिन्याला न चुकता शंभर रुपये आणून द्यायच्या, त्यांच्या नावापुढे ‘बाकी’ लिहायची वेळ यायला लागली. मग कर्जाचे हप्ते थकले. एकीने शेळी विकून हप्ता भरला. दुसरीनेही शेळी बाजारात पाठवली, पण तिचे पैसे घरी पोचलेच नाहीत. दारू पूर्वीही गावात होती, चोरून मिळायची. पण चोरून घ्यायची तर वाट वाकडी करावी लागते. आता ती कामावरून येण्याच्या वाटेवरच मिळायला लागली, तीही सरकारी परवान्याच्या पाटीखाली. बायका म्हणायच्या, “सरकारनंच परवानगी दिलीय, आपण काय बोलणार?” हे मला फार लागलं. सरकारने परवानगी दिली असेल तर ती कोणत्या कागदावर दिली, आणि त्या कागदासाठी आमच्या गावाच्या वतीने हो कुणी म्हटलं, एवढं विचारायचा हक्क तरी आम्हाला असलाच पाहिजे.

सुरुवात तक्रारींनी झाली. परवान्याला अटी असतात. वेळ पाळायची, ड्राय डेला बंद ठेवायचं, २५ वर्षांखालच्या माणसाला देशी विकायची नाही. अटी मोडल्या तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. आम्ही तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहून अर्ज दिले, प्रत्येकाची पोच घेतली. चौकशी झाली, दुकान काही दिवस बंद राहिलं आणि पुन्हा उघडलं. या वाटेने दुकानाला शिस्त लागते, दुकान जात नाही.

मग गावातली पोरं टेप घेऊन रस्त्याचं अंतर मोजायला निघाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली होती, ती सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. पण मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आलं, जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महानगरपालिकांची हद्द त्यातून बाहेर निघाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीचं काय करायचं ते राज्य सरकारांवर सोपवलं गेलं. वकीलसाहेबांनी हे समजावल्यावर आम्ही तो मुद्दा सोडला. नुसत्या ५०० मीटरवर सगळी तक्रार उभी करणाऱ्या गावांनी हे आधी तपासून घ्यावं.

खरी वाट सापडली माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. आम्ही मागितलं ते एवढंच, की परवाना स्थलांतराची पूर्ण फाईल पाहायला मिळावी. पाहायला मागणं हे नकला मागण्यापेक्षा नेहमी बरं, कारण फाईलमध्ये काय काय आहे हेच आपल्याला माहीत नसतं. जिल्ह्याच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली पाहू द्याव्यात असा २०१८ चा शासन निर्णयही आहे, तो फारशा कुणाला माहीत नसतो.

फाईलमध्ये जागेचा नकाशा होता, गाळामालकाचं संमतीपत्र होतं, अहवाल होते, आणि आमच्या ग्रामसभेचा ना-हरकत ठराव होता. हा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेत नव्हता. गटारी आणि दिवाबत्ती झाल्यावर ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली चार ओळींत लिहिलेला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्या दिवशीच्या हजेरीत बायकांच्या सह्या होत्या, आमच्या गटातल्यांच्याही. बहुतेक जणी घरकुलाची यादी ऐकायला गेल्या होत्या आणि यादी वाचून झाल्यावर स्वयंपाकाला उठून आल्या होत्या. ‘सर्वानुमते’ म्हणजे आमच्याही मताने असं त्या कागदावर कायमचं लिहिलं गेलं होतं.

ती नक्कल घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. त्याच दारूबंदी अधिनियमाच्या कलम १३७ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं, पण त्याला मुदत असते आणि ती केव्हाच उलटून गेली होती. कलम १३८ खाली राज्य सरकार फाईल मागवून आदेश तपासू शकतं. ती वाट मोकळी होती, पण ती मुंबईची आणि तारखांची वाट. साहेब म्हणाले, “ताई, तो अर्ज करून ठेवू. पण तुमच्या हातात याहून मोठी गोष्ट आहे. हो कुणी म्हटलं? गावानं ना? मग नाही म्हणायचा अधिकारही गावालाच आहे.”

हा अधिकार २००८ च्या शासन आदेशाने दिलेला आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्के जणांनी लेखी मागणी केली तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. शहरात हाच अधिकार वॉर्डातल्या मतदारांना आहे. आम्ही महिला मतदारांची वाट धरली.

आता मेख. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत १,००० नावं आहेत. ६०० जणी आल्या, त्यातल्या ४८० जणींनी दुकान बंद करा म्हटलं आणि १२० जणींनी राहू द्या म्हटलं. तरी दुकान राहतं, कारण ५०१ लागतात. म्हणजे जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच. मयत बाईचंही, लग्न होऊन गेलेल्या मुलीचंही, ऊसतोडीला गेलेल्या जावेचंही. आमदार निवडताना हा हिशेब लावत नाहीत, सरपंच निवडतानाही नाही. दुकान आणायला चार ओळींचा ठराव पुरतो आणि घालवायला यादीतल्या निम्म्याहून जास्त बायका घराबाहेर काढाव्या लागतात. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे आणि जिथे संधी मिळते तिथे मी ते बोलते. पण नियम बदलायची वाट बघत बसलो असतो तर दुकान अजून तिथेच असतं.

म्हणून सह्यांच्या आधी आम्ही यादी हातात घेतली. सगळे भाग मिळवून झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक वस्तीला दोघी नेमल्या, एक सून आणि एक सासूच्या वयाची. सुनेला भराभर वाचता यायचं, म्हातारीला माणसं माहीत. सून नाव वाचायची आणि मावशी सांगायची, “ही गेली, तीन पावसाळे झाले.” “ही खालच्या आळीची थोरली, पुण्याकडं दिली.” “अगं, हिचं नाव दोनदा आलंय बघ, एकदा माहेरच्या आडनावानं.” मयत नावापुढे फुली, परगावी गेलेलीपुढे बाण, दुबार नावाखाली दोन रेघा. आणि जी गावात नांदते पण यादीतच नाही, तिचं नाव समासात. पहिल्याच वस्तीचं पान भरलं तेव्हा फुल्या आणि बाण बघून आम्ही सगळ्या गप्प झालो. एकाही बाईला दारात जाऊन विचारण्याआधीच आमची एवढी मतं गेलेली होती.

नाव कमी करायला नमुना ७ असतो. मयताचा असेल तर सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा. काही घरांत दाखलाच काढलेला नव्हता, तिथे ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून ते काम आधी करून घेतलं. कुठल्याच यादीत नाव नसलेल्या सुना आणि नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना ६, पत्ता बदललेल्यांसाठी नमुना ८. या अर्जांत खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, म्हणून ऐकीव माहितीवर एकही अर्ज द्यायचा नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. लग्न होऊन गेलेल्या मुलींना त्यांच्या आयांनी फोन केले, “सासरी नाव लावून घे गं.” काहींना ते जड गेलं. माहेरच्या यादीतलं नाव म्हणजे माहेराशी राहिलेला एक धागा, तो आपल्या हाताने कशाला तोडायचा? एक आई फोनवर म्हणाली, “तू इथं येऊन मत देणार नाहीस, आणि तुझं नाव मात्र माझ्याविरुद्ध मोजलं जाणार. बघ तू.” त्या मुलीने आठवड्यात अर्ज भरला. आमच्या बीएलओ बाईंवर, म्हणजे गावातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाईंवर, कामाचा डोंगर, पण अर्ज नीट भरून आणि कागद जोडून दिले की त्या तितक्याच नीट पुढे पाठवायच्या. प्रत्येक अर्जाची पोच एका फाईलला लावली. पावसाळाभर हेच चाललं. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, त्यामुळे या कामाला माणसं कमी मिळतात.

आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या काळात मतदान लागलं तर गावातल्या कितीतरी बायका कारखान्याच्या फडात असतात. म्हणून तयारी पूर्ण असूनही आम्ही निवेदन दिलं नाही. काही जणींना हे पटत नव्हतं, रोज संध्याकाळी ज्यांच्या घरात मार होता त्यांना सहा महिने थांबा म्हणणं सोपं नव्हतं. पण पाडव्यानंतर टोळ्या उतरल्या, तेव्हाच सह्या सुरू केल्या. निवेदनात स्पष्ट लिहिलं की मतदान पेरणीच्या आत घ्यावं. मृग लागला की बाई रानात असते, तिला बोलावून आणणं अवघड.

सह्या चौथ्या हिश्श्यावर थांबवायच्या नाहीत. पडताळणीला बाईने स्वतः यावं लागतं, आणि तोवर घरात काय काय होईल सांगता येत नाही. आम्ही निम्म्याच्या जवळ गेलो. पडताळणीच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. नाव पुकारायचं, ओळखपत्र बघायचं, विचारायचं, “सही तुमचीच का? कुणी जबरदस्ती केली का?” वीटभट्टीवर कामाला जाणारी एक जण पुढे आली. तिचा नवरा दाराला टेकून उभा होता. टेबलावरचे साहेब म्हणाले, “पुन्हा सही करून दाखवा.” ही बाई आमच्या गटात येऊन सही शिकलेली. तिने पेन घट्ट धरलं, एकेक अक्षर काढलं, मधली वेलांटी चुकली ती परत गिरवली, आणि शेवटी सगळ्या नावावर लांब रेघ ओढली. रांग थांबून राहिली होती. तिने दाराकडे एकदाही पाहिलं नाही. “माझीच आहे,” म्हणाली, आणि नवऱ्याच्या शेजारून बाहेर पडली.

मतदानाची तारीख जाहीर झाली आणि लगेच गावात निरोप फिरला. बायकांसाठी देवदर्शनाची मोफत सहल, बस, जेवण सगळं फुकट, निघायचं मतदानाच्या आदल्या संध्याकाळी. खर्च कोण करणार ते कुणी सांगत नव्हतं. उभ्या बाटलीचा प्रचार करायला एकही माणूस कुणाच्या दारात गेला नव्हता. गरजच नव्हती, बायका गावात नसल्या की पुरे होतं. तेव्हा आम्ही तो १,००० आणि ५०१ चा हिशेब देवळातल्या फळ्यावर खडूने लिहून समजावला. माळकरी असलेल्या एका आजी उठून म्हणाल्या, “देव काय पळून जात न्हाई. मत देऊ आन् मग आपल्या पैशानं जाऊ.” बस गेली, पण जवळजवळ रिकामी.

चित्र कळावं म्हणून वस्तीवस्तीवर खरी रिकामी बाटली नेत होतो. उभी ठेवून विचारायचं, आडवी करून विचारायचं. हे करायलाच हवं, कारण ‘उभी म्हणजे आपण उभ्या राहिलो’ अशी उलटी समजूत कुणीतरी पसरवली होती. सत्तरी ओलांडलेल्या एकीने बाटली माझ्या हातातून घेतली, जमिनीवर निजवली आणि तिच्यावर तळहात ठेवून म्हणाली, “अशी ना? हिला उठू द्यायची न्हाई.”

मतदान शाळेत झालं. पोलीस होते, तहसीलचे आणि उत्पादन शुल्कचे लोक होते, चित्रीकरण चालू होतं. आम्ही हद्दीबाहेर झाडाखाली आमच्या खुणा केलेल्या याद्या घेऊन बसलो आणि आलेल्या प्रत्येक नावावर टीक करत गेलो. दुपारी तीनला टीक नसलेली नावं वेगळी काढून वस्तीवर माणसं पाठवली. एक बाळंतीण आली, एक जण रानात पाणी देता देता चिखलाच्या पायांनी आली. संध्याकाळी मोजणी झाली. लागत होती त्यापेक्षा आडव्या बाटलीला थोडीच जास्त मतं पडली. पावसाळ्यात कमी केलेली नावं यादीत तशीच राहिली असती, तर त्याच मतांवर आम्ही हरलो असतो.

दुकानाला सील लागलं, साठ्याचा पंचनामा झाला. परवानाधारक अपिलात गेले. आम्ही वकिलांमार्फत आमचंही म्हणणं ऐकावं असा अर्ज दिला. समोरच्या वकिलांचे मुद्दे तीन. पहिला, या बायकांचा परवान्याशी संबंध काय? आमच्या वकिलांनी १९७५ चा जसभाई मोतीभाई देसाई खटला आधीच वाचून ठेवला होता. त्यात एका सिनेमागृहाच्या मालकाने दुसऱ्याच्या परवानगीला आव्हान दिलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला बाधित व्यक्ती मानलं नाही, कारण त्याची तक्रार फक्त धंद्यातल्या स्पर्धेची होती. आम्ही कुणाच्या स्पर्धक नव्हतो. त्या गावात राहणाऱ्या, मतदान करणाऱ्या बायका होतो. दुसरा मुद्दा, धंदा करणं हा मूलभूत हक्क आहे. त्यावर १९९४ चा खोडे डिस्टिलरीजचा निकाल आहे. दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि दारूबंदीच्या दिशेने जाणं हे तर राज्यघटनेच्या कलम ४७ ने सरकारला सांगितलेलंच आहे. हे वाचून दाखवत होते तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने माझा हात धरला. ‘सरकारनंच परवानगी दिलीय’ म्हणणारी तीच होती.

तिसरा मुद्दा होता यादीचा. मतदानाआधी नावं मुद्दाम उडवली, असा आरोप. आम्ही पोचांची फाईल पुढे ठेवली. एकेक नाव, एकेक नमुना ७, मागे मृत्यूचा दाखला. सासरी नाव लावलेल्या मुलींचे नव्या यादीतले उतारे. त्यावर पुढे प्रश्न आला नाही. अपील फेटाळलं गेलं.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं बीअर शॉप किंवा दारूचं दुकान यायचं असेल तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. सोसायटीच्या सभेलाही ‘आयत्या वेळचे विषय’ असतातच. तिथे शेवटपर्यंत बसा.

आमच्याकडचा परवाना आता पलीकडच्या गावात हलवायची बोलणी चालली आहेत. तिथल्या बायका येऊन फाईलच्या झेरॉक्स घेऊन गेल्या. त्यांना मतदानापर्यंत जायची वेळ येऊ नये, कारण दुकान अजून आलेलं नाही आणि त्यांच्या ग्रामसभेचा ठराव अजून झालेला नाही. त्यांना सांगितलं आहे की महिला ग्रामसभेत विरोधाचा ठराव आधी घ्या, मुख्य सभेत तो वाचून घ्या, इतिवृत्तावर सह्या होईपर्यंत उठू नका आणि नक्कल त्याच आठवड्यात काढा. आणि यादीच्या झेरॉक्स तरीही काढून ठेवा.